भाडेकरू शोधताय? फोटोवर भरवसा नको, पडताळणी करा: मुंबई उपनगरातल्या घरमालकांसाठी मोबाईल मार्गदर्शक

घर आईबाबांच्या नावावर असतं, पण ते भाड्याने द्यायची वेळ आली की फोन आपल्या हातात येतो. फोटो काढ, जाहिरात टाक, आलेले मेसेज बघ, "हा माणूस बरा वाटतोय का बघ जरा", ही सगळी कामं घरातल्या सगळ्यात लहान माणसाची. आमच्याकडे ती माझ्याकडे आली. बोरिवली पूर्वेला आमचा एक वन बीएचके आहे. बाबा निवृत्त झाले आणि त्या फ्लॅटचं भाडं हा आईबाबांच्या महिन्याच्या खर्चाचा मोठा भाग झाला. त्यामुळे भाडेकरू चुकीचा मिळाला, तर नुसती डोकेदुखी होणार नव्हती, औषधांचं बिलही अडलं असतं.

जाहिरात टाकून दोन तास झाले नव्हते, तेवढ्यात आईला फोन आला. समोरचा म्हणाला, "मी लष्करात आहे, मुंबईत बदली झालीये, घर फोटोत बघितलं, पसंत आहे, डिपॉझिट आत्ताच पाठवतो." व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही आलं. मग एक क्यूआर कोड आला: "आंटी, हा स्कॅन करा, आधी पाच रुपये येतील, मग पूर्ण रक्कम पाठवतो." आईने स्कॅन केला आणि नशिबाने मला फोन लावला. "अरे, पैसे आपल्याला यायचेत ना? मग हे पिन कशाला मागतंय?"

त्या एका प्रश्नाने आमचे पैसे वाचले. या लेखाचं सारही तेच आहे. समोरच्याने पाठवलेला फोटो, स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ म्हणजे पुरावा नाही. जी गोष्ट जिथून निघते, तिथूनच ती तपासायची. जाहिरातीपासून चावी देईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर हे मोबाईलवरून कसं करायचं, ते आता क्रमाने बघू.

## आधी थोडा इतिहास: मुंबईतले मालक एवढे घाबरतात का?

तुमच्या घरातही एखादे आजोबा म्हणत असतील, "भाडेकरू ठेवू नका, घर जाईल." ही भीती हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला पक्कं संरक्षण दिलं. त्यातून वाट काढायला मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स', म्हणजे ठरावीक काळासाठी फक्त वापराची परवानगी, असे करार करायला सुरुवात केली. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचे असे करार चालू होते, ते लायसन्सधारक कायद्याने भाडेकरूच मानले गेले. मालकाला वाटत होतं पाहुणा आहे, निघाला घरचाच!

आज परिस्थिती वेगळी आहे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने घर परत द्यायचं असतं. नाही दिलं, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. म्हणजे कायद्याची ढाल आहे, पण ती करार नीट केला असेल तरच हातात येते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

(सोयीसाठी या लेखात 'भाडेकरू' आणि 'भाडं' हेच शब्द वापरतोय. करारात मात्र 'लायसन्सी' आणि 'लायसन्स फी' असे शब्द दिसतील.)

## टप्पा १: जाहिरात अशी टाका की योग्य माणूसच फोन करेल

मुंबईत घर शोधणारा माणूस सगळ्यात आधी स्टेशन आणि बाजू बघतो. नुसतं 'अंधेरीत फ्लॅट' लिहून काही कळत नाही. पूर्व की पश्चिम, स्टेशन किंवा मेट्रोपासून चालत किती मिनिटं, हे आधी लिहा. अंधेरी पूर्वेला सीप्झ आणि एमआयडीसीत काम करणारे येतात. घाटकोपरला २०१४ पासून मेट्रो १ आणि मध्य रेल्वे एकत्र मिळतात, म्हणून अंधेरीला नोकरी असलेलेही तिथे घर शोधतात. मुलुंड आणि बोरिवलीत कुटुंबांची विचारणा बऱ्यापैकी असते. आपल्या घराला कोण शोभेल याचा अंदाज आला, की जाहिरात नेमकी होते.

जाहिरातीत हे असू द्या:

- कार्पेट क्षेत्रफळ, मजला, लिफ्ट आहे की नाही
- भाडं, डिपॉझिट आणि सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार
- पाण्याची वेळ आणि पार्किंग (हे लपवलं तर पहिल्याच भेटीत कळतं, दोघांचाही वेळ जातो)
- घर कधीपासून रिकामं मिळेल

हे टाळा:

- फ्लॅट नंबर, दारावरची पाटी आणि कुलूप दिसेल असे फोटो
- "घर सध्या बंद आहे, कोणी राहत नाही" असं वाक्य. चोरालाही वाचता येतं.
- आईबाबांचा बँकेशी जोडलेला मोबाईल नंबर. घरातला दुसरा नंबर द्या.

एक तांत्रिक गोष्ट. मोबाईलने काढलेल्या फोटोत लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही लपून साठवले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर सोबत जाते. म्हणून घराचे फोटो काढताना कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा.

ब्रोकर घ्यावा का? वेळ नसेल तर जरूर घ्या. साधारण एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून द्यायची पद्धत आहे, आधी बोलून घ्या. पण ब्रोकर माणूस आणून देतो, त्या माणसाची हमी देत नाही. तपासणी आपल्यालाच करायची आहे.

## टप्पा २: पहिल्या फोनवरच ओळखा

खरा गरजू माणूस प्रश्न विचारतो. पाणी किती वेळ येतं? कुत्रा चालेल का? भाडं थोडं कमी होईल का? घर बघायला कधी येऊ? फसवणारा यातलं काहीच विचारत नाही. त्याला घर बघायचं नसतं, घासाघीस करायची नसते, त्याला फक्त घाई असते.

या खुणा दिसल्या की फोन ठेवा:

- घर न बघता पूर्ण डिपॉझिट द्यायची तयारी
- लष्कर, निमलष्करी दल किंवा मोठ्या सरकारी खात्याचं नाव आणि न मागता पाठवलेली ओळखपत्रं
- "आमच्या खात्याची पैसे पाठवायची पद्धत वेगळी आहे" असं काहीतरी
- क्यूआर कोड, लिंक किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप

खरे जवानही घर भाड्याने घेतात, हे लक्षात ठेवा. गणवेशाचा संशय घ्यायचं कारण नाही. संशय घाईचा आणि क्यूआर कोडचा घ्यायचा.

यूपीआयचा नियम पाठ करा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. आईला मी हे असं समजावलं: "पिन ही तिजोरीची किल्ली आहे. कोणी पैसे आणून देत असेल तर आपण तिजोरी उघडून त्याच्यापुढे ठेवतो का?"

"पैसे पाठवले" असा स्क्रीनशॉट आला तर तोही बाजूला ठेवा. असे स्क्रीनशॉट बनवणं दोन मिनिटांचं काम आहे. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन खात्यात रक्कम दिसते का, तेवढंच बघा. फसवणूक झालीच तर एक क्षणही न दवडता १९३० या हेल्पलाईनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात, म्हणून पहिले काही तास फार महत्त्वाचे.

## टप्पा ३: आधार कार्ड 'बघू' नका, स्कॅन करा

बरेच मालक आधारची झेरॉक्स घेतात, फाईलमध्ये ठेवतात आणि निश्चिंत होतात. पण कार्डावरचं नाव आणि फोटो बदलणं आज कोणत्याही फोटो एडिटरमध्ये जमतं. बदलता येत नाही ती कार्डावरच्या क्यूआर कोडमधली माहिती.

हे कसं चालतं? आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता आणि लहान फोटो असतो, आणि त्या सगळ्यावर यूआयडीएआयची डिजिटल सही असते. ही सही ज्या गुप्त किल्लीने होते ती फक्त यूआयडीएआयकडे असते. आपल्या फोनमधल्या अधिकृत ॲपकडे त्याच किल्लीची जाहीर जोडी असते. तिने सही तपासता येते, नवी सही करता येत नाही. म्हणून कोणी कार्डावर छापलेलं नाव बदललं, तर स्कॅन केल्यावर जुनंच नाव दिसेल. कोणी स्वतःच नवा क्यूआर बनवला, तर सही जुळणार नाही.

करायचं एवढंच:

1. यूआयडीएआयचं अधिकृत ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून घ्या. नाव साधारण सारखं असलेली दुसरी ॲप असतात, म्हणून खाली डेव्हलपरचं नाव वाचा.
2. भाडेकरू समोर असताना त्याच्या कार्डावरचा क्यूआर स्कॅन करा.
3. ॲपमध्ये दिसणारं नाव आणि फोटो कार्डाशी जुळवा, आणि समोर बसलेल्या माणसाशीही.

साध्या क्यूआर स्कॅनरने सुरक्षित कोड स्कॅन केला तर नुसता लांबलचक आकडा दिसतो. पण 'आधार'च्या कोडमधून एखादी वेबसाईट उघडली, तर सावध व्हा. खोटी साईटसुद्धा मोठ्या अक्षरात 'व्हेरिफाईड' म्हणू शकते. फार जुन्या कार्डावर बिनसहीचा साधा मजकूर असू शकतो. तेव्हा भाडेकरूला नवीन ई-आधार डाउनलोड करून आणायला सांगा.

कार्डावरचा पत्ता गावचा असेल तर घाबरू नका. कामासाठी मुंबईत आलेल्या माणसाचा पत्ता सांगलीचा किंवा जळगावचा असणारच!

आणि आपल्याकडूनही शिस्त हवी. या टप्प्यावर फाईलला ठेवायला मास्क्ड आधार पुरतं, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात. कोणाचं आधार सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ज्यांना घर दिलं नाही, त्यांची कागदपत्रं फोनमधून काढून टाका. व्हॉट्सॲपबरोबर गॅलरीतूनही काढा, तिथे एक प्रत आपोआप साठलेली असते.

## टप्पा ४: नोकरी, पगार आणि आधीचं घर

ओळख खरी निघाली. आता दोन प्रश्न उरतात: भाडं परवडेल का, आणि माणूस वागायला कसा आहे?

नोकरी. पगाराच्या स्लिपचा फोटो सहज बनवता येतो. त्यापेक्षा भाडेकरूला ऑफिसच्या ईमेलवरून एक ओळ पाठवायला सांगा. 'ॲट'च्या चिन्हानंतर कंपनीचं खरं डोमेन आहे का ते बघा, आणि तोच पत्ता स्वतः टाईप करून नवा मेल पाठवून उत्तर येतं का ते पाहा. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा दाखवता येतो, पण आपण असा पाठवलेला मेल खऱ्या पत्त्यावर जातो. तिथून उलट मेल आला, म्हणजे तो इनबॉक्स त्याच्याच हातात आहे. कंपनी अनोळखी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साईटवर नाव टाकून ती नोंदलेली आहे का बघता येतं. दुकान किंवा धंदा असेल तर जीएसटी पोर्टलवर जीएसटी क्रमांक शोधता येतो.

पगार. शेवटच्या तीन महिन्यांत पगार जमा झाल्याच्या नोंदी दाखवायला सांगा. बाकीच्या नोंदी झाकल्या तरी चालेल. तो पैसे कशावर खर्च करतो हे आपल्याला बघायचं नाही. माझा ढोबळ हिशेब असा: भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास असेल तर ठीक, निम्म्याच्या वर असेल तर विचार करा. दोघं-तिघं मिळून राहणार असतील तर एकत्र हिशेब धरा.

आधीचा मालक. सगळ्यात उपयोगी फोन हाच. तीनच प्रश्न विचारा. भाडं वेळेवर यायचं का? घर कोणत्या अवस्थेत सोडलं? तुमच्याकडे परत जागा मागितली तर द्याल का? तिसऱ्या प्रश्नानंतर समोरचा जरा वेळ गप्प झाला, तर ती शांतताच उत्तर असते. हा 'मालक' खरंच मालक आहे का हे बघायला जुन्या कराराची इंडेक्स-२ मागा. त्यावर मालकाचं नाव आणि मालमत्तेची माहिती असते.

न्यायालयीन नोंदी. ई-कोर्ट्सच्या साईटवर किंवा ॲपवर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. पण इथे मी स्वतः चुकता चुकता राहिलो. आमच्याकडे आलेल्या एका मुलाचं नाव शोधलं आणि चेक न वटल्याचा खटला दिसला. मी बाबांना "नको" म्हणून सांगून मोकळा झालो होतो. बाबा म्हणाले, "त्याला विचार तरी." विचारलं. वडिलांचं नाव वेगळं, गाव वेगळं, वयही वेगळं. खटला दुसऱ्याच कोणाचा होता. महाराष्ट्रात एकाच नावाची शेकडो माणसं असतात. नाव जुळलं की प्रश्न विचारायचा, निकाल द्यायचा नाही. आणि खटला चालू असणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे.

## टप्पा ५: काय तपासायचं नाही

आता जरा अवघड विषय. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेचा एक व्हिडिओ राज्यभर फिरला. ऑफिससाठी जागा बघायला गेलेल्या एका महिलेने, मराठी असल्यामुळे आपल्याला जागा नाकारली, असं त्यात सांगितलं होतं. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, राजकीय पक्ष रस्त्यावर आले, आपल्यापैकी अनेकांनी संतापून तो व्हिडिओ पुढे पाठवला.

मीही पाठवला होता. आणि त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याच फ्लॅटसाठी दोन बहिणी आल्या, दोघी नर्स, सांगलीच्या. आधार स्कॅन केलं, बरोबर. हॉस्पिटलच्या मेलवरून उत्तर आलं, बरोबर. आधीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "मुलींनी घर सोडलं तेव्हा मला वाईट वाटलं." सगळं हिरवं. तरी सोसायटीतून निरोप आला: "बॅचलर मुली नकोत, रात्री-अपरात्री येतात." अहो, नर्स रात्रपाळीला जाणार नाही तर कोण जाणार? आईने त्यांना स्पष्ट सांगितलं, की आमच्याकडे सगळी कागदपत्रं आहेत, नियमाप्रमाणे सोसायटीला देऊ. दोघी आजही तिथेच राहतात. एक तारखेला भाडं येतं.

आडनाव, धर्म, जात, ताटात काय आहे, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही भाडं वेळेवर येईल की नाही हे सांगत नाही. वर सांगितलेल्या चार तपासण्या सांगतात. ज्याला आडनावावरून माणूस ओळखता येतो असं वाटतं, तो तपासणी करत नाही, आळस करतो. आणि तो लष्कराचं खोटं कार्ड दाखवणाऱ्याकडून आधी फसतो, कारण त्याला आडनाव 'चांगलं' वाटलेलं असतं.

## टप्पा ६: करार. "११ महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?"

हा महाराष्ट्रातला सगळ्यात महाग गैरसमज आहे. १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून देशभर ११ महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार इथे प्रत्येक भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठा धोका असा, की वाद झाला तर ज्या अटींवर घर दिलं त्याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्च किती? उदाहरण घेऊ: भाडं ₹३०,०००, परत करायचं डिपॉझिट ₹१,००,०००, मुदत ११ महिने.

- एकूण भाडं: ₹३,३०,०००
- डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने ११ महिन्यांचं धरलेलं व्याज: सुमारे ₹९,१६७
- बेरीज: ₹३,३९,१६७
- त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क: सुमारे ₹८४८
- महापालिका हद्दीत नोंदणी फी: ₹१,०००

म्हणजे मुद्रांक आणि नोंदणी मिळून दोन हजारांच्या आत. वर किरकोळ हाताळणी खर्च आणि कोणाची मदत घेतली तर त्याचे पैसे. घरात लाखोंची मालमत्ता आणि वाचवायचे दोन हजार? नको!

नोंदणी घरबसल्या होते. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-फायलिंग साईटवर लीव्ह अँड लायसन्सचा पर्याय आहे:

1. मालमत्तेची, दोन्ही पक्षांची आणि अटींची माहिती भरून मसुदा तयार करा. मराठीत करता येतो.
2. मसुदा भाडेकरूला पाठवा, दोघांनी मोठ्याने वाचा. नाव, फ्लॅट नंबर, रक्कम पुन्हा तपासा.
3. मुद्रांक शुल्क आणि फी ऑनलाईन भरा.
4. मालक, भाडेकरू आणि ओळख देणारे दोन साक्षीदार यांचा फोटो आणि आधारशी जुळवलेला अंगठा घेतला जातो.
5. दुय्यम निबंधक तपासतात. मंजूर झालं की नोंदणीकृत करार आणि इंडेक्स-२ डाउनलोड करा.

चौथ्या पायरीला अंगठ्याचं यंत्र लागतं. म्हणून बरेचजण विभागाच्या अधिकृत सेवा पुरवठादाराला घरी बोलावतात. इथे आणखी एक फायदा लपलेला आहे. खोटी ओळख सांगणाऱ्याचा अंगठा आधारशी जुळत नाही. म्हणजे ही आपली शेवटची आणि सगळ्यात पक्की तपासणी. म्हणूनच नोंदणीआधी चावी देऊ नका. "सामानाचा टेम्पो खाली उभा आहे" असं कोणी म्हटलं तरी नाही.

करारात हे स्पष्ट हवं: मुदत, दोन्ही बाजूंची नोटीस किती दिवसांची, लॉक-इन आहे का, वीजबिल आणि मेंटेनन्स कोणाकडे, घरात कोण कोण राहणार, डिपॉझिट कधी परत देणार आणि त्यातून कशाचे पैसे कापणार.

## टप्पा ७: पोलिसांना माहिती

मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढून मालकांना भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायला सांगतात. १ जुलै २०२४ पासून असे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात, आणि न पाळल्यास मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. माहिती ऑनलाईन देता येते: मालक आणि मालमत्ता, भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, कामाची जागा, त्याला ओळखणाऱ्यांची नावं. भरल्यावर मिळालेली पोच जपून ठेवा, सोसायटीलाही लागते. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर त्याची माहिती २४ तासांत द्यावी लागते.

ही माहिती देणं म्हणजे पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मिळणं नव्हे. पोलिसांना कळवलं म्हणून आपली तपासणी सोडायची नाही.

## टप्पा ८: सोसायटी

आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आधी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. आपल्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते एकदा वाचून घ्या. भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ही मर्यादा घातली आहे. बिलात जास्त दिसलं तर लेखी विचारा.

## चावी देताना: पंधरा मिनिटांचा व्हिडिओ

भाडेकरूला सोबत घेऊन घरभर फिरा आणि एकच सलग व्हिडिओ काढा. भिंती, टाईल्स, नळ चालू करून, गिझर, पंखे, वीज मीटरचा आकडा, गॅस, किल्ल्यांची संख्या. आधीपासून तडा असेल तर तोही. तोच व्हिडिओ भाडेकरूला लगेच पाठवा, म्हणजे तारखेसकट दोघांकडे एकच नोंद राहते. घर सोडताना डिपॉझिटवरून होणारी निम्मी भांडणं इथेच मिटतात. हा पुरावा भाडेकरूच्याही बाजूचा आहे, त्याला तसं सांगा. विश्वास तिथूनच सुरू होतो.

## सेव्ह करून ठेवा

- पैसे घ्यायला पिन नाही, क्यूआर नाही
- आधार अधिकृत ॲपने समोर बसून स्कॅन
- ऑफिसच्या पत्त्यावर मेल, आधीच्या मालकाला फोन
- नाव जुळलं तर विचारा, निकाल देऊ नका
- आधी नोंदणी, मग चावी
- पोलिसांची पोच आणि सोसायटीला प्रत
- सलग व्हिडिओ, दोघांकडे

एवढं करायला आम्हाला साधारण एक आठवडा लागला. आई सुरुवातीला म्हणायची, "एवढं तपासलं तर माणसाला काय वाटेल?" सांगलीच्या त्या नर्स मुलींपैकी मोठीने करारावर अंगठा देताना त्याचं उत्तर दिलं: "काकू, बरं झालं सगळं कागदावर आलं. आधीच्या एका ठिकाणी आमचंच डिपॉझिट बुडालं होतं." आता त्या दोघींनाही माहीत आहे, उद्या घर सोडलं तर काय परत मिळणार ते. आणि आईलाही माहीत आहे, एक तारखेला फोन वाजला की तो कशाचा मेसेज आहे ते. तरी ती बँकेचं ॲप उघडून एकदा बघतेच.